आबांचा आवाज कुठल्या कप्प्यात

दुपारचं ऊन भातखाचरांच्या पाण्यात उतरलं होतं, देवळाच्या अंगणात उदबत्त्यांचा धूर वर चढत होता, आणि ट्रकवर उभारलेल्या रंगमंचामागे बीलानच्या मांडीवर लॅपटॉपचा काळाकुट्ट पडदा होता. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ. ‘चकत्या किंवा इतर साधनं काढा. कुठलीही कळ दाबून पुन्हा सुरू करा.’

तिनं कळ दाबली. पडदा विझला, उजळला, आणि तीच ओळ पुन्हा येऊन बसली. हाकललेली कोंबडी ओट्यावर परत यावी तशी.

“काय काढू?” बीलान त्या ओळीलाच म्हणाली. “काढण्यासारखं राहिलंय काय तुझ्यात?”

आज भूमीदेवाचा वाढदिवस. गावच्या खाचरांचा, बांधांचा, विहिरींचा तो धनी; वर्षातून एकदा त्याच्यापुढे बाहुल्यांचा खेळ व्हायचा. माणसं बघायला आली तर आली. चार म्हाताऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन यायच्या, एखादं कुत्रं यायचं. पण खेळ असायचा देवासाठी, आणि मुहूर्ताचे फटाके वाजले की तो सुरू व्हायलाच हवा.

हा खेळ करणारी ल्याओ मंडळी म्हणजे आता दोनच माणसं उरली होती, बीलान आणि तिचे आबा. बाहुल्या मात्र पेटीभर. बोटांवर चढवायच्या, लाकडी डोक्यांच्या, रेशमी बाह्यांच्या. आणि त्या पेटीतल्या सगळ्यांचा मिळून एक गळा होता, तो आबांचा. त्या एका गळ्यात म्हातारा खोकायचा, नवरी लाजायची, दरोडेखोर गुरगुरायचा, आणि विदूषक तोतरं बोलून सगळ्यांची फजिती करायचा. मग त्या गळ्यात आजार शिरला. डॉक्टर म्हणाले, जीव ठेवतो, आवाज ठेवता येणार नाही. तेव्हा आबा तांदळाच्या गोदामात पोत्यांच्या मधोमध जाऊन बसले, कारण तिथं आवाज घुमत नाही, आणि सगळी नाटकं, सगळी माणसं, एकट्यानं बोलून ठेवली. रडणं बोलले, हसणं बोलले, घोड्याच्या टापासुद्धा जिभेनं वाजवल्या. गळा गेला. आवाज या लॅपटॉपात राहिला.

तेव्हापासून बीलान कळ दाबायची, कर्ण्यातून आबा बोलायचे, आणि ओठ मिटून बसलेले आबा आपल्याच आवाजावर बाहुल्या नाचवायचे. त्या आवाजाची दुसरी प्रत करायची राहिली होती. उद्या करू, उद्या करू, म्हणत राहिली होती.

काल रात्रीपासून लॅपटॉप सुरू व्हायचा, निळा पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. सकाळी तिंगफांग स्कूटरवरून धावत आली. तिंगफांग बीलानची शाळेतली मैत्रीण, तालुक्याच्या बाजारात तिचं फोन-कॉम्प्युटरचं दुकान. “विंडोज मेलीय,” ती म्हणाली, “नवी घालावी लागेल. मला दुकान उघडायचंय, ही पेनड्राइव्ह घे, फोनवर सांगते तसं कर,” आणि स्कूटर वळवून गेलीसुद्धा.

सांगितलं तसं बीलाननं केलं. एक निळी पाटी उघडून, सुरू होताना यंत्रानं आधी कुठं बघायचं, तो क्रम बदलला. मग पडद्यावर कप्प्यांची यादी आली. यंत्राच्या पोटातले कप्पे. त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. “बारके सोड,” फोनमधून तिंगफांग म्हणाली. “पहिला मोठा तो विंडोजचा, दुसरा मोठा तो तुमच्या नाटकांचा. पहिला पूस.” दोन्ही मोठे जुळ्या भावांसारखे. बीलाननं पहिला पुसला. म्हणजे, पहिला पुसला असं तिला वाटत होतं. यादी वरखाली सरकली होती का? बोट सरकलं होतं का? पुसल्यावर दोन्ही कप्पे एकसारखेच कोरे चेहरे करून बसले होते.

मग नवी विंडोज आत उतरली, यंत्र पुन्हा सुरू व्हायला गेलं, आणि त्या एका ओळीवर अडलं. यंत्र उघडल्याशिवाय कळणार नव्हतं की ती विंडोज पुसून बसलीय की आपल्या बापाचा आवाज. आणि यंत्र उघडत नव्हतं.

फोन कानाशी धरून ती म्हणाली, “तिंगफांग, तीच ओळ येतेय.”

“माझी पेनड्राइव्ह काढलीस?”

“काढली.”

“मग चालू व्हायला पाहिजे.”

“होत नाही. आत घातली की सगळं पहिल्यापासून सुरू होतंय, कुठली भाषा, कुठला देश. बाहेर काढली की म्हणतंय, काढा. अगं, काढल्यावर काढा कसं म्हणतंय? हे घरातून गेलेल्या माणसाला चालता हो म्हणण्यासारखं झालं.”

“पुन्हा आत घालू नकोस हं,” तिंगफांग एकदम गंभीर झाली. “पुन्हा कप्पे विचारेल आणि या वेळी तू काय पुसशील नेम नाही.”

“या वेळी?” बीलानचा आवाज चिरकला. “मागच्या वेळी नेम होता असं म्हणतेस का तू?”

पलीकडे दुकानात कुणीतरी फोनचं कव्हर मागत होतं. तिंगफांगनं त्याला किंमत सांगितली, मग म्हणाली, “थांब, विचार करू दे.”

बीलाननं मान वर केली. पलीकडे आबा स्टुलावर बसून बाहुल्यांच्या दाढ्या विंचरत होते. हल्ली त्यांच्या डाव्या हातावर बहुतेक वेळ विदूषक असायचा. बोलायचं झालं की तोच बोलायचा, म्हणजे मान हलवायचा, खांदे उडवायचा. आत्ता विदूषकानं मान वाकडी करून विचारलं, काय झालं?

“होतंय, आबा,” ती म्हणाली. “थोडं राहिलंय.”

विदूषकानं छातीवर हात बांधले. त्याला ते पटलेलं नव्हतं.

इतक्यात देवळाचे कारभारी लू काका पडदा सारून आत आले. हातात लाल पिठाच्या कासवांची परात. “हे घ्या प्रसादाचं. आणि बीलान, पोरी, फटाक्यांची माळ लावून झालीय. तुझं यंत्र उठलं का झोपेतून?”

“उठतंय, काका. पण डोळे उघडत नाही.”

“थोबाडीत मार. आमचा टीव्ही तसाच चालतो.”

“काका, आत आबा आहेत.”

लू काकांनी स्टुलावरच्या आबांकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, आणि उगाच घसा खाकरून ते परात ठेवायला वळले.

“ऐक,” फोनमधून तिंगफांग म्हणाली, “काढा म्हणतंय म्हणजे काहीतरी लावलेलं आहे. यंत्र खोटं बोलत नाही. माऊस आहे?”

“नाही.”

“आवाजाची वायर?”

“काढली. विजेची तेवढी आहे.”

“सीडीची चकती घालायचा ट्रे?”

“तो कधीच मोडलाय.”

“मग दुसऱ्या बाजूला काही?”

“दुसऱ्या बाजूला काही नाही गं. फक्त माय आहे.”

“कोण आहे?”

“माझू माय. नेहमी असते ती.”

“बीलान,” तिंगफांग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, “ही माय कशात आहे?”

बीलाननं लॅपटॉप वळवून पाहिलं. उजव्या कडेला, अंगठ्याएवढी, गुलाबी गालांची, मुकुटाच्या मोत्यांआड डोळे झाकलेली समुद्रदेवी बसली होती. आबांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठ्या देवळातून आणलेली. धुपाच्या कुंडावरून धुरातून तीनदा फिरवून घेतलेली. तिच्या पोटात मंत्र होते म्हणे. ते कधी कुणी ऐकले नव्हते. आवाज साठवून झाल्यावर आबांनीच तिला तिथं बसवलं होतं, आवाजाची राखण करायला. त्यानंतर तिला कुणी हलवलं नव्हतं. देवाच्या आसनाला कोण हात लावतं? धूळ पुसतानाही बीलान तिच्याभोवतीनं पुसायची.

आणि तिच्या बैठकीखाली, लॅपटॉपच्या पोटात खोचलेलं, पत्र्याचं चपटं टोक होतं.

“अगं बाई,” बीलान म्हणाली.

“पेनड्राइव्ह आहे ना ती?”

“ती माय आहे.”

“माय आहे, आणि पेनड्राइव्ह आहे. सकाळी मीच तुला क्रम बदलायला लावला, आधी बाहेरच्या काडीत बघ, मग पोटात. माझी काडी तू काढलीस. आता ते बिचारं मायच्या दारात जाऊन उभं राहतंय, तिच्यात यंत्र सुरू करायचं काही सापडत नाही, आणि म्हणतंय, हे काढा. काढ तिला.”

बीलाननं हात पुढे केला आणि मागे घेतला. “असं कसं काढू?”

“दोन बोटांनी!”

“तिला न विचारता?”

तिंगफांगच्याही दुकानात गल्ल्यावर देव बसलेला होता. “विचार मग,” ती म्हणाली. “पण लवकर विचार.”

लू काकांनी कौल लावायची लाकडं आणली, चंद्रकोरीसारख्या दोन लाल फोडी. एक उताणी एक पालथी पडली की होकार. दोन्ही पालथ्या, तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या, तर देव हसला. बीलान लॅपटॉप समोर ठेवून गुडघ्यांवर बसली. लाकडं कपाळाला लावली. “माय, तुला जरा बाहेर काढू का?”

लाकडं खडखडली. दोन्ही उताणी.

“हसली,” लू काका म्हणाले.

“माय, यंत्र अडलंय गं. काढू का?”

दोन्ही उताणी. डोलत डोलत थांबली, अगदी पोट धरून हसल्यासारखी.

बीलानला रडू यायला लागलं. यंत्र म्हणतं काढ, देवी हसते, तिंगफांग फोनमध्ये उसासे टाकते, अंगणात कुणीतरी काडेपेटी मागतंय. काय खरं धरायचं? हसली म्हणजे काय? वेडी झालीस म्हणतेय, की तू जे पुसायचं ते पुसून बसलीस आता मला काय विचारतेस, असं म्हणतेय?

“प्रश्नच धड नाही तुझा,” लू काका म्हणाले. देवाशी कसं बोलायचं हा त्यांचा प्रांत. तिथं ते टीव्हीला थोबाडीत मारणारे राहत नसत. “बाईमाणसाला नुसतं ऊठ म्हणायचं, आणि कुठं बस ते सांगायचं नाही. माझी बायकोसुद्धा उठणार नाही अशी. जागा सांग. मान दे.”

बीलाननं आबांकडे पाहिलं. विदूषकानं मान डोलावली. मग त्यानं आपला छोटा हात उचलून रंगमंचापलीकडे, भूमीदेवाच्या गाभाऱ्याकडे दाखवला.

“माय,” बीलाननं डोळे मिटले, “आज भूमीदेवाचा वाढदिवस आहे. तू पाहुणी म्हणून त्याच्या शेजारी बसशील का? तुझ्यासमोर खेळ करू. खेळ झाला की तुझ्या जागी परत.”

लाकडं पडली. एक उताणी, एक पालथी.

आबांनी स्वतः तिला काढलं, दोन्ही हातांनी. लू काकांनी लाल कागदावर घेतलं आणि मिरवत गाभाऱ्यात नेऊन भूमीदेवाच्या शेजारी, संत्र्यांच्या राशीला टेकवून बसवलं.

बीलाननं कळ दाबली. पडदा विझला. उजळला. ओळ आली नाही. मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं कडं फिरू लागलं, मुंग्यांनी फेर धरावा तसं.

“फिरतंय,” ती फोनमध्ये कुजबुजली.

“फिरू दे. हात लावू नकोस.”

फिरत राहिलं. तयारी करत आहोत, म्हणालं. थोडंच राहिलंय, म्हणालं. हे बीलानचंच वाक्य होतं, आणि तिलाही ते पटलं नाही. मग तिचं नाव विचारलं. तिनं लिहिलं. पासवर्ड विचारला, तो काहीतरी घातला. लू काका दोनदा डोकावून गेले. म्हाताऱ्यांना त्यांनी आणखी एकेक उदबत्ती लावायला सांगितली होती. आणि मग एकदम, खाचरात आभाळ उतरावं तसा, निळा स्वच्छ पडदा पसरला.

बीलाननं दुसरा मोठा कप्पा उघडला.

होती. सगळी नाटकं होती. एकाखाली एक, नावानिशी, रांगेत उभ्या असलेल्या बाहुल्यांसारखी. तिनं एक नाटक अर्धा क्षण लावून पाहिलं. आबांचा दरोडेखोर गुरगुरला. तिनं ते लगेच थांबवलं आणि तोंडावर हात दाबून हसू-रडू गिळलं. स्टुलावरचा विदूषक टाळ्या वाजवत होता.

“मिळालं!” ती फोनमध्ये ओरडली. “काका, लावा माळ!”

“थांबा थांबा,” लगेच तीच म्हणाली, कारण खेळाआधी वंदन लागतं. सुखाचा, धनधान्याचा आणि आयुष्याचा असे तीन देव आभाळातून उतरतात, वाढदिवसाच्या धन्याला ओव्या म्हणतात, आणि मग नाटक. वंदनाशिवाय नाटक म्हणजे यजमानाच्या घरात चपलांसकट शिरणं. ते वंदन प्रत्येक खेळाला लागायचं, म्हणून बीलाननं ते नाटकांच्या कप्प्यात ठेवलंच नव्हतं. पटकन सापडावं म्हणून समोरच ठेवलं होतं, पहिल्याच पडद्यावर, डाव्या हाताला.

पहिल्या पडद्यावर केराची बादली होती. बाकी निळं आभाळ.

“तिंगफांग,” ती म्हणाली. “पडद्यावर समोर जे ठेवलेलं असतं, ते कुठल्या कप्प्यात असतं?”

“पहिल्या,” तिंगफांग म्हणाली. “विंडोजच्या. काय होतं तिथं?”

“वंदन.”

“दुसरीकडे नाही?”

“नाही.”

“बीलान, ऐक. पुसलेलं कधीकधी परत काढता येतं. सगळं नाही, कधी अर्धं, कधी काहीच नाही. पण यंत्र जितकं चालू ठेवशील तितकं ते त्यावरच नवीन लिहीत राहील. आत्ताच्या आत्ता बंद कर आणि घेऊन ये.”

“आणि नाटक? आत्ता उघडलंय ते. दिवसभर उघडायलाच तर...”

“मी काय सांगू? लावलंस तर नाटक लागेल. वंदन सापडायची आशा कमी होईल. बघ तू.”

बीलान आबांजवळ जाऊन उकिडवी बसली. लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. आबांनी त्या निळ्या, मोकळ्या पडद्याकडे कौतुकानं पाहिलं. त्यांना वाटलं, किती स्वच्छ झालंय.

“आबा, वंदन गेलं,” ती म्हणाली. “नाटकं आहेत. वंदन माझ्या हातून पुसलं गेलं.”

विदूषक हलला नाही. मग आबांच्या उजव्या हाताचं बोट पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलं, जिथं रोज ते असायचं, आणि काचेवरून फिरलं.

“आत कुठंतरी असेल अजून. तिंगफांग म्हणते, आत्ता बंद केलं तर कदाचित. पण मग आज नाटकही नाही. निदान एक नाटक मी फोनवर घेते, आबा, दोन मिनिटं...”

ती बोलत होती तोवर आबांचं बोट कडेच्या गोल कळीवर जाऊन टेकलं होतं. त्यांनी ती दाबली आणि दाबूनच धरली. निळं आभाळ मिटलं. हिरवा दिवा विझला.

“आबा! काय केलंत?”

आबांनी लॅपटॉप मिटून बाहुल्यांच्या पेटीत, रेशमी झग्यांमध्ये ठेवला. विदूषकाला हातातून काढलं. मग दोन्ही हातांवर दोन देव चढवले, सुखाचा आणि धनधान्याचा, तिसरा मांडीवर घेतला, आणि कित्येक वर्षं धूळ खात पडलेली पायफळी पायानं पुढे ओढली. ही पायानं वाजवायची लाकडी फळी, कर्णे नव्हते तेव्हाचा ताल. मान वळवून त्यांनी बीलानकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या माइककडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

“मी?” बीलान म्हणाली. “मला येत नाही. मी कळ दाबते. मी नुसती कळ दाबते, आबा.”

आबांनी खांदे उडवले, विदूषक उडवायचा तसे. ते वंदन वाचवत होते, की तिला बोलवत होते, की नुसते रागावले होते, तिला काही कळेना. त्यांच्या चेहऱ्यावर बाहुल्यांपेक्षा फार काही लिहिलेलं नसायचं.

“लावू का माळ?” बाहेरून लू काका ओरडले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी लावली.

फटाके तडतडले. धुरात देऊळ दिसेनासं झालं. पायफळी वाजली, टक्, टक्, टक्टक्, आणि सुखाचा देव ढगांच्या पडद्यातून डौलात बाहेर आला, बाह्या झटकून उभा राहिला आणि थांबला. सगळं थांबलं. बीलाननं माइक उचलला. जन्मभर ऐकलेले शब्द घशाशी आले, आणि ते तिच्याच बारीक आवाजात बाहेर पडले.

“पूर्वेचं दार उघडलं, ढगांची पायरी झाली,
भूमीच्या धन्याच्या घरी सुखाची स्वारी आली.”

“बाईचा आवाज?” खुर्च्यांमधून एक म्हातारी म्हणाली. “सुखाचा देव बाई कधी झाला?”

“अगं, बरंय की,” दुसरी म्हणाली. “सुख बाईच असणार.”

धनधान्याचा देव पुढे आला. आबांची बोटं तिच्या श्वासाची वाट पाहत होती. तिनं श्वास घेतला की बाही उचलायची, तिनं सोडला की बाही पडायची. कर्ण्यातल्या आवाजावर नाचताना ती बोटं कधी अशी वाट पाहत नसत.

“दुसरा मी धनधान्याचा, ओंजळ सोन्याची भरली,
तुझ्या बांधावरी, देवा, साळीची कणसं डोलली.”

मग आयुष्याचा देव आला. वाकलेला, काठी टेकत, छातीभर पांढरी दाढी. इथं आबांचा आवाज खोल विहिरीतून यायचा. बीलाननं हनुवटी छातीला टेकवून आवाज जमेल तितका खाली नेला.

“तिसरा मी आयुष्याचा, दाढी चांदीनं पिकली...”

आणि पुढची ओळ गेली. होती आणि गेली. तिनं डोळे मिटून शोधली. गोदामातली पोती आठवली, त्यांच्यामध्ये बसलेले आबा आठवले, त्यांचे ओठ हलताना आठवले. शब्द नव्हते.

रंगमंचावर आयुष्याच्या देवानं दाढी कुरवाळली. पुन्हा कुरवाळली. काठी टेकून दोन पावलं चालला, दोन पावलं परत आला. कानाला हात लावून आभाळाकडे ऐकू लागला. म्हाताऱ्या खुसुखुसू हसायला लागल्या. आबांचा पाय फळीवर अधांतरी थांबला होता आणि ते बीलानकडे बघतही नव्हते. ते त्या बाहुलीला सावकाश, अगदी सावकाश, सगळ्या जगाचा वेळ असल्यासारखं डोकं खाजवायला लावत होते.

“...काय द्यायला आलो देवा,” बीलान म्हणाली, आणि पुढे तिला जे खरं वाटलं तेच तोंडातून निघालं, “आठवणच वाट चुकली.”

खुर्च्यांमधून हशा फुटला. आयुष्याच्या देवानं कपाळावर हात मारून घेतला, काठी खाली टाकली, आणि वाकून वाकून भूमीदेवाला नमस्कार केला.

मग बाहुलीची मान हळूच वळली. तिनं रंगमंचाच्या कडेवरून खाली, मागे, पडद्याआडच्या अंधारात बसलेल्या बीलानकडे पाहिलं. पायफळी एकदा वाजली, टक्, आणि थांबली. पुढच्या ओळीसाठी.